रॉकेटला ढकलतं कोण?

अकरावीच्या भौतिकशास्त्रात रॉकेट येतं ते तीन मार्कांना. प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. एका रॉकेटमधून दर सेकंदाला ५० किलो वायू सेकंदाला २ किलोमीटर वेगानं बाहेर पडतो, तर थ्रस्ट काढा. काढा म्हणजे गुणा. २ किलोमीटरचे २००० मीटर करायचे, त्यांना ५० नं गुणायचं, एक लाख न्यूटन लिहायचं आणि खाली दोन रेघा ओढायच्या. माणूस ज्या विद्येच्या जोरावर चंद्रावर जाऊन आला, ती चौथीच्या गुणाकारापलीकडे जात नाही हे कळल्यावर मुलांच्या मनातला रॉकेटबद्दलचा उरलासुरला धाकही संपतो. तरी मार्क जातातच. कोणी किलोमीटरचे मीटर करायला विसरतो आणि त्याच्या रॉकेटला शंभर न्यूटनांचा थ्रस्ट मिळतो. तेवढ्यात दहा किलो गव्हाची पिशवी जेमतेम तोलून धरता येते. कोणी आकडा बरोबर काढून 'न्यूटन' लिहायचं विसरतो. मग परीक्षक समासात लाल शाईनं विचारतात, 'एक लाख काय? रुपये?'

एवढं गणित अचूक सोडवलेल्या मुलाला सहज विचारून बघा, "बाळा, रॉकेटला ढकललं कोणी?" तो आधी तुमच्याकडे बघतो, मग पुस्तकाकडे आणि मग म्हणतो, "हे आम्हाला नाहीये."

आमच्या समोरच्या ब्लॉकमधली मुलगी ज्या क्लासला जाते, तिथल्या सरांचं धोरण स्वच्छ आहे. कन्सेप्ट घरी, फॉर्म्युला इथे. रॉकेटचा थ्रस्ट त्यांनी घोळणाऱ्या मिशांखालून एका दमात सांगितला: "व्ही इन्टू डीएम बाय डीटी, चौकटीत टाका, पुढचा टॉपिक." पुस्तकात याच सूत्रामागे एक वजा चिन्ह असतं. रॉकेटचं वस्तुमान कमी होत असतं म्हणून एक वजा, आणि वायू उलट दिशेला जात असतो म्हणून दुसरं. कोणत्या ओळीवर कोणतं वजा लावायचं यावर लेखकालेखकांत एकमत नाही. त्यामुळे दोन पुस्तकं वाचणाऱ्या मुलाचं रॉकेट कधी कधी जमिनीत घुसतं. या मुलीनं धीर करून विचारलं,

"सर, पुस्तकात मायनस होतं, ते कुठे गेलं?"

"डायरेक्शन दाखवायला आलं होतं. दाखवून झाली. गेलं."

याहून समाधानकारक उत्तर मी तरी ऐकलेलं नाही.

वर्गातल्या हुशार मुलांची गोष्ट निराळी. बल म्हणजे संवेग बदलण्याचा दर, हे त्यांना पाठ असतं. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. रॉकेटमध्ये दोन्ही बदलतात, तेव्हा दोघांचं डिफरन्शिएशन करू, असं म्हणून ते मोठ्या डौलात दोन पदं लिहितात आणि दुसऱ्या पदात वायूच्या वेगाऐवजी रॉकेटचाच वेग घालून मोकळे होतात. आता लाँचपॅडवर उभ्या असलेल्या रॉकेटचा वेग शून्य. शून्यानं गुणलं की थ्रस्ट शून्य. थ्रस्ट शून्य म्हणजे रॉकेट उठणार नाही, आणि उठलं नाही तर वेग शून्यच राहणार. हुशार मुलांचं रॉकेट धक्का मारून स्टार्ट करावं लागतं. गोम अशी की तो नियम लावायचा असतो रॉकेट आणि त्यातून बाहेर पडलेला वायू या दोघांना मिळून. गेला तो परका, असं म्हणून वायूला हिशेबातून काढून टाकलं की रॉकेटही जागचं हलत नाही.

त्याहून लोकप्रिय चूक वजनाची. वीस हजार किलोचं रॉकेट सुरुवातीला ५ च्या त्वरणानं वर उठतं, तर थ्रस्ट किती? निम्मा वर्ग वीस हजार गुणिले पाच, एक लाख न्यूटन, असं लिहून पाणी प्यायला जातो. पण रॉकेटचं स्वतःचं वजनच दोन लाख न्यूटन आहे. आधी ते तोलायचं, मग वरचा एक लाख, असे एकूण तीन लाख लागतात. एक लाखवाल्या मुलांचं रॉकेट प्रत्यक्षात बांधलं तर ते पेटेल, गर्जेल, धुराचे लोट सोडेल आणि जिथल्या तिथे उभं राहील. निम्मं वस्तुमान जळून दहा हजार किलोवर आलं की मग कुठे ते जमीन सोडायचा विचार करील.

हसू नका. द्रवरूप इंधनावर उडालेलं जगातलं पहिलं रॉकेट जवळपास असंच वागलं होतं. १६ मार्च १९२६ ला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्न गावी, एका नातलग बाईंच्या शेतात, रॉबर्ट गॉडार्ड या प्राध्यापकानं पेट्रोल आणि द्रव ऑक्सिजनवर चालणारं एक सांगाड्यासारखं यंत्र पेटवलं. ज्वाळा आली, घरघर सुरू झाली, आणि रॉकेट उभंच. रेटा वजनाच्या पुढे जाईपर्यंत काही सेकंद गेले. प्राध्यापकांच्या पत्नी एस्थर चित्रीकरण करत होत्या. त्यांचा चावीचा कॅमेरा एका दमात जेमतेम सात सेकंद चालायचा, त्यामुळे इतिहास घडायच्या आत कॅमेऱ्याची चावी संपली. मग रॉकेट उठलं, ४१ फूट वर गेलं आणि अडीच सेकंदांत १८४ फुटांवर कोबीच्या वाफ्यात पडलं. दिवाळीत आपण बाटलीत लावलेला बाण तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत शिरतो, तो अंतराच्या बाबतीत फार मागे नाही. या रॉकेटचं इंजिन वरच्या टोकाला होतं आणि टाक्या खाली. इंजिन वर असलं की बाकीचं धूड त्याला लोंबकळत सरळ वर जाईल, असा कयास होता. तसं होत नाही. इंजिन रॉकेटला पक्कं जोडलेलं असतं, रॉकेट कललं की तेही कलतं. गॉडार्डनं पुढे इंजिन खाली नेलं. आजही विद्यार्थी हा कयास उत्तरपत्रिकेत मांडतात, पण त्यांच्या नावानं कोणी अवकाश केंद्र काढत नाही.

आता आजोबांकडे येतो. ते समोरच्या ब्लॉकमधल्या त्या मुलीचे आजोबा. वीज मंडळाच्या हिशेब विभागात आयुष्य काढून निवृत्त झाले. १४ जुलै २०२३ च्या दुपारी २ वाजून ३५ मिनिटांनी चंद्रयान-३ उडालं तेव्हा सगळा मजला त्यांच्या टीव्हीसमोर होता. टाळ्या झाल्या, पेढे झाले. ऊर भरून येणं वगैरे वाहिनीवरच्या निवेदकांनी आमच्या वतीनं उरकलं. आणि मग आजोबांनी विचारलं, "जमिनीवरून उडालं ते कळलं. जमिनीला रेटा दिला. पुढे हवेला देत असेल. पण वर हवा संपली की ते रेटा कशाला देतं?"

खोली शांत झाली. कारण उपस्थितांपैकी बहुतेकांचं मत मनातून तेच होतं. नात म्हणाली, "आजोबा, न्यूटनचा तिसरा नियम." आजोबा म्हणाले, "अगं, नियम मलाही ठाऊक आहे. पण कोण कोणाला ढकलतं?" ती दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये विचारून आली. सरांनी सांगितलं होतं, "क्रिया प्रतिक्रियेला."

या प्रश्नाबद्दल आजोबांना कमी लेखू नये. त्यांची संगत मोठी आहे. गॉडार्डनं १९१९ मध्ये खूप उंची गाठण्याच्या पद्धतीवर एक निबंध छापला. त्यात चंद्रापर्यंत रॉकेट पोचवता येईल असं एका कोपऱ्यात म्हटलं होतं. १३ जानेवारी १९२० ला न्यूयॉर्क टाइम्सच्या संपादकीय पानानं त्याची हजेरी घेतली. हवेबाहेर गेल्यावर रेटा द्यायला काहीच नसतं, एवढं शाळकरी ज्ञानही या प्राध्यापकाला नाही, असा त्याचा सूर होता. पुढे १६ जुलै १९६९ ला अपोलो-११ तीन माणसांना घेऊन उडालं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वृत्तपत्रानं दुरुस्ती छापली, की रॉकेट पोकळीतही चालतं हे आता निश्चित झालेलं आहे, झाल्या चुकीबद्दल खेद आहे. एक पेपर तपासायला एकोणपन्नास वर्षं! आपल्याकडच्या विद्यापीठांनीही हा विक्रम अजून मोडलेला नाही. गॉडार्ड १९४५ मध्येच वारला होता, त्यामुळे पुनर्मूल्यांकनाचा निकाल त्याच्या हाती पडला नाही.

गंमत म्हणजे त्या संपादकीयाच्या आधीच त्यानं प्रयोग करून ठेवले होते. हवा काढून घेतलेल्या नळीत त्यानं छोटी रॉकेटं पेटवली, तेव्हा जोर कमी न होता उलट वाढला. पण प्रयोगाला बघायला जावं लागतं. संपादकीय जागेवर बसून लिहिता येतं.

काही दिवसांनी नातीनं वहीच्या मागच्या पानावर एक डबा काढून आजोबांपुढे धरला. बंद डबा, आत तापलेला वायू. तो सगळ्या भिंतींना सारखाच दाबतो. वरच्या भिंतीला वर, खालच्या भिंतीला खाली, त्यामुळे डबा जागेवर. आता खालच्या भिंतीला भोक पाडा. भोकाच्या जागी दाबून घ्यायला भिंतच नाही, वायू तिथून सुटतो. वरच्या भिंतीवरचा दाब मात्र तसाच आहे.

आजोबांनी चष्मा वर केला. "म्हणजे जमेच्या बाजूला रक्कम आहे आणि खर्चाच्या बाजूचं व्हाउचर गहाळ आहे."

"हो."

"मग शिल्लक निघणारच. ती शिल्लक म्हणजे तुझा थ्रस्ट. आत्ता कळलं. आधी का नाही सांगितलंस?"

ढकलतो तो आतला वायू, आणि ढकलतो आतूनच, वरच्या भिंतीला. बाहेर हवा आहे की नाही याची त्याला फिकीर नाही. किंबहुना हवा असली तर अडचणच. सूत्रात आणखी एक पद असतं, जे सर 'आपल्याला नाही' म्हणून खोडायला लावतात. नळकांड्याच्या तोंडाशी वायूचा जो दाब असतो, त्यातून बाहेरच्या हवेचा दाब वजा करायचा आणि तोंडाच्या क्षेत्रफळानं गुणायचं. बाहेर हवा नसेल तर वजा करायला काही उरत नाही आणि थ्रस्ट वाढतो. अपोलोच्या सॅटर्न-५ रॉकेटच्या एकेका एफ-१ इंजिनाचा थ्रस्ट समुद्रसपाटीला सुमारे ६८ लाख न्यूटन होता, आणि पोकळीत तेच इंजिन सुमारे ७८ लाख देऊ शकत होतं. हवा मदतीला धावून येते असं आपण मानतो, आणि ती दारात उभी राहून वाट अडवत असते.

सॅटर्न-५ चं गणित नातीनं सुट्टीत आपणहून करून पाहिलं. दर सेकंदाला सुमारे १३ टन इंधन जळून बाहेर, वेग सेकंदाला सुमारे २६०० मीटर. गुणाकार तोच, क्लासमधला. उत्तर ३ कोटी ४० लाख न्यूटनांच्या आसपास. रॉकेट साधारण २९०० टनांचं, म्हणजे वजन २ कोटी ८४ लाख न्यूटन. वजाबाकी करून वस्तुमानानं भागलं तर सुरुवातीचं त्वरण निघतं २ पेक्षाही थोडं कमी. तिला वाटलं, दशांश चिन्ह चुकलं. चुकलं नव्हतं. सिग्नल सुटल्यावर साधी स्कूटर जेवढ्या ओढीनं निघते, तेवढ्याच ओढीनं सॅटर्न-५ निघत असे. शेजारचा मनोरा ओलांडायला त्याला दहा-अकरा सेकंद लागत, आणि तेवढ्यात सव्वाशे टनांहून अधिक इंधन खर्ची पडे. रस्त्यावर असतं तर मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवून जीव नकोसा केला असता. पण रेटा घटत नसे आणि ओझं क्षणोक्षणी हलकं होत असे, म्हणून त्वरण वाढत जाई, इतकं की आतल्या माणसांची चटणी होऊ नये म्हणून पाचातलं मधलं इंजिन आधीच बंद करावं लागे. पुस्तकातलं रॉकेट 'स्थिर त्वरणानं' जातं. तसं खरं रॉकेट माझ्या माहितीत नाही.

आजोबांना मग आवड लागली. ते कात्रणं काढू लागले, आणि एका कात्रणापाशी अडले. इंधनाचा दर्जा सेकंदांत दिला होता. 'विकास' इंजिनाचा २९० च्या आसपास, क्रायोजेनिकचा ४४० च्या आसपास. "एवढेच सेकंद जळतं?" नाही. एक किलो इंधन एक किलो वजन तोलण्याइतका रेटा किती सेकंद देत राहील, त्याचा तो आकडा. त्याला साधारण दहानं गुणलं की वायूचा वेग मिळतो. मग सरळ वेगच का लिहीत नाहीत? कारण पौंड-फूटवाले आणि किलो-मीटरवाले यांचं वजनमापांवरून पटत नसलं तरी घड्याळ दोघांचं एकच आहे. आजोबांना हे फार पटलं. त्यांच्या खात्यातही दोन विभागांचं एकमत फक्त चहाच्या वेळेवर होत असे.

विकास इंजिनाचा थ्रस्ट सुमारे आठ लाख न्यूटन, वायूचा वेग सुमारे २९०० मीटर. भागाकार केला की सेकंदाला पावणेतीनशे किलो इंधन निघतं. अशी दोन इंजिनं चंद्रयानाच्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या मधल्या टप्प्यात असतात आणि ती विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यात घडतात. बाजूच्या दोन मोठ्या बूस्टरांच्या कवचाचे भाग इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला बनले, आणि त्यात भरतात तसल्या घन इंधनाचं शास्त्र थुंब्याला उभं करणाऱ्यांत वसंत गोवारीकर होते. उड्डाणाच्या वेळी फक्त बूस्टर पेटतात. विक्रोळीची इंजिनं पहिली जवळजवळ पावणेदोन मिनिटं काही न करता आरामात बसून जातात. विक्रोळीहून निघून बसायला जागा मिळाल्याचं हे एकमेव नोंदलेलं उदाहरण असावं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर निघताना ६४० टन असलेलं रॉकेट ३.९ टनांचं यान वर नेतं. त्यातून चंद्रावर चाललेली 'प्रज्ञान' गाडी २६ किलोची. विमानाला सामान म्हणून दिली असती तर जादा वजनाचे पैसे पडले असते. बाकी बहुतेक सगळं इंधन, आणि ते मुख्यतः उरलेलं इंधन उचलण्यासाठी. या दुष्टचक्राचं सूत्र १९०३ मध्ये छापलं ते त्सिओल्कोव्हस्की या रशियन शाळामास्तरानं, कालुगासारख्या आडगावी बसून. लहानपणच्या आजारानं त्याला ऐकू फार कमी येत असे. सूत्र सांगतं, की वायूच्या वेगाइतका वेग हवा असेल तर निघताना वजन शेवटच्या वजनाच्या २.७ पट घ्या, दुप्पट वेग हवा तर ७.४ पट, तिप्पट हवा तर २० पट. व्याज कसं वाढतं ते आयुष्यभर थकबाकीदारांना समजावणाऱ्या आजोबांना इथे काही समजवावं लागलं नाही.

भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. नात म्हणाली, रॉकेट सेकंदाला ४ किलोमीटरनं जातंय आणि वायू त्याच्या मागे ३ किलोमीटरनं फेकतंय, तर जमिनीवरून बघणाऱ्याला तो वायूसुद्धा सेकंदाला १ किलोमीटरनं पुढेच जाताना दिसेल.

"मागे फेकलेला पुढे जातो?"

"हो."

"मग फेकलाच कशाला?"

"आजोबा, तो आधी ४ नं जात होता, आता १ नं जातोय. त्यानं जे गमावलं ते रॉकेटला मिळालं."

"हे मला बघितल्याशिवाय पटायचं नाही," आजोबा म्हणाले आणि नातीची चाकांची खुर्ची ओढून पॅसेजमध्ये आणली. फेकायला रद्दी होती. मी खुर्चीची पाठ धरायला गेलो, तर "बाह्य बल नको" म्हणून मला बाजूला काढण्यात आलं. आजोबा आणि खुर्ची मिळून ७६ किलो, वर्तमानपत्रांचा गठ्ठा ४ किलो, असं नातीनं न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर आधीच ठरवलं होतं. पाय वर, गठ्ठा छातीशी. सेकंदाला ४ मीटरनं फेकला तर खुर्चीला २१ सेंटिमीटरचा वेग मिळायला हवा. आजोबांनी "जय हिंद" म्हणून गठ्ठा फेकला. तो जिन्यापाशी सुटला आणि संपादकीय पानांसह दोन पायऱ्या खाली पसरला. खुर्ची वीतभर मागे सरकली आणि फरशीच्या सांध्यात अडली.

"हलली!" आजोबा ओरडले. "किती झाला थ्रस्ट?"

"ते तुम्ही फेकायला किती वेळ लावलात त्यावर आहे. अर्धा सेकंद धरला तर ३२ न्यूटन."

"धरला म्हणजे? मोजला नाहीस?"

"नाही."

"मग दुसरा गठ्ठा आण. आणि या वेळी घड्याळ लाव."